ब्रिटनची नवी बचाव हेलिकॉप्टरं आणि त्यांच्याखालची जमीन: एक प्रकरण अभ्यास

१ एप्रिल २०१५ रोजी इंग्लंडमधल्या हंबरसाइड आणि स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेस विमानतळांवरून लाल-पांढरी बचाव हेलिकॉप्टरं ड्युटीवर रुजू झाली. तोपर्यंत ब्रिटनमध्ये होडी उलटली, कड्यावरून कुणी घसरलं किंवा पुरात घर वेढलं गेलं, की बहुतेक भागांत लष्कराचं ‘सी किंग’ हेलिकॉप्टर यायचं. रॉयल एअर फोर्सचं असेल तर पिवळं, नौदलाचं असेल तर लाल-करडं. देशभर असे बारा तळ होते. त्यातले आठ लष्कराचे आणि चार कोस्टगार्डच्या नागरी कंत्राटावर चालणारे. पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत हे सगळं काम कोस्टगार्डच्या छत्राखाली, एकाच खासगी कंपनीच्या दहा तळांवर आलं. यंत्रं, पायलट, कायदा आणि पैसे देणारं खातं, सगळंच बदललं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्या तटरक्षक दलावरून ब्रिटनच्या कोस्टगार्डची कल्पना केली तर ती चुकेल. तो सशस्त्र नाही आणि संरक्षण खात्याखाली येत नाही. परिवहन खात्याच्या हाताखाली, समुद्रावरच्या आणि किनाऱ्यावरच्या बचावाची जुळवाजुळव करणारी ती नागरी यंत्रणा आहे. म्हणून या बदलाला यंत्रांच्या बदलाइतकाच कारभाराच्या बदलाचाही अर्थ आहे. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आकाशात घडला नाही, तो एका रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये घडला. तिथे पोहोचण्याआधी बाकीचं नीट समजून घ्यावं लागेल.

जुनं यंत्र, आणि ठरलेली निवृत्तीची तारीख

सी किंग हे मूळ सिकॉर्स्कीचं डिझाइन. ब्रिटनसाठी ते येओव्हिलच्या वेस्टलँड कारखान्यात परवान्यावर बनलं. रॉयल एअर फोर्सच्या बचावसेवेत ते १९७८ पासून होतं. याच कारखान्यातून आपल्या नौदलाकडेही सी किंग आली. मुंबईकरांनी ती कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून उडताना पाहिली आहेत, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला तेव्हा खवळलेल्या समुद्रातल्या शोधासाठी तीही निघाली होती. दणकट, ओळखीचं आणि चालकांना विश्वासाचं असं हे यंत्र. ऑगस्ट २००४ मध्ये कॉर्नवॉलमधलं बॉसकासल गाव अचानक आलेल्या पुरात सापडलं तेव्हा सुमारे शंभर माणसं हेलिकॉप्टरनी छतांवरून, झाडांवरून उचलली. त्या गावातल्या लोकांना सी किंगबद्दल काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

पण यंत्र म्हातारं होतं. देखभालीचे तास वाढत होते, आणि मार्च २०१६ पर्यंत त्याला सेवेतून काढायचं ठरलं होतं. या एका तारखेनं पुढचं सगळं वेळापत्रक बांधून टाकलं.

पहिला प्रयत्न फसला. खासगी भांडवलावर आधारलेलं, पंचवीस वर्षं चालणारं आणि सुमारे ६ अब्ज पौंडांचं कंत्राट ‘सोटेरिया’ या कंपनीसमूहाला देण्याचं २०१० मध्ये जवळपास पक्कं झालं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारनं ते रद्द केलं, कारण निविदेदरम्यान या समूहातल्या एका कंपनीकडे व्यापारीदृष्ट्या गोपनीय माहिती पोहोचल्याचं उघड झालं. तो निर्णय बरोबरच होता. बचावासारख्या सेवेचा पाया अशा निविदेवर घालता येत नाही. मात्र निविदेचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं आणि सी किंगच्या निवृत्तीचं पुढेच चालत राहिलं.

दुसऱ्या फेरीत सरकारनं आवाका कमी केला. २६ मार्च २०१३ रोजी ब्रिस्टो हेलिकॉप्टर्स या कंपनीला सुमारे १.६ अब्ज पौंडांचं, दहा वर्षांचं कंत्राट मिळालं. बावीस हेलिकॉप्टरं ठरली: अकरा सिकॉर्स्की एस-९२ आणि अकरा ऑगस्टावेस्टलँड एडब्ल्यू-१८९. कंत्राट जाहीर करताना सरकारनं सांगितलं की घटनास्थळी पोहोचण्याचा सरासरी उड्डाणवेळ २३ मिनिटांवरून १९ मिनिटांवर येईल, आणि जास्त जोखमीच्या भागांपैकी अर्ध्या तासात गाठता येणारे भाग सुमारे ७० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर जातील. थंडगार पाण्यात पडलेल्या माणसाच्या दृष्टीनं चार मिनिटं ही छोटी गोष्ट नाही. तळ मात्र बारावरून दहा झाले. डॉर्सेटमधला पोर्टलंडचा तळ वाचवण्यासाठी स्थानिकांनी मोठी मोहीम चालवली. तो तळ शेवटी जून २०१७ मध्ये बंद झाला. नकाशावर वर्तुळं काढून सरासरी सुधारता येते, पण ज्याच्या दारातलं हेलिकॉप्टर जातं त्याला ती सरासरी सांत्वन देत नाही. ही तक्रार मला रास्त वाटते, जरी एकूण हिशोब सरकारच्या बाजूनं होता.

तळ एकेक करून बदलले

अदलाबदल ज्या पद्धतीनं झाली ती कौतुकास्पद आहे. एकाच दिवशी सगळ्या देशात नवं यंत्र आणण्याचा अट्टहास केला नाही. एक तळ घ्यायचा, नव्या चमूची तयारी पक्की करायची, त्याची ड्युटी सुरू झाली की मगच तिथला सी किंग उतरवायचा. हंबरसाइड आणि इन्व्हर्नेसनंतर वेल्समधलं कार्नारफन, आग्नेय किनाऱ्यावरचं लिड, कार्डिफजवळचं सेंट अॅथन, आणि जानेवारी २०१६ ला न्यूकी व प्रेस्टविक. ऑक्टोबर २०१५ मध्ये डेव्हनमधल्या चिव्हनर तळावरचा सी किंग उतरला आणि रॉयल एअर फोर्सचं ब्रिटनमधलं बचावकार्य संपलं. १९४१ पासूनची परंपरा होती ती.

नियोजनात जमीन पहिल्यांदा सरकली ती केंटमध्ये. कंत्राटात आग्नेयेचा तळ म्हणून मॅन्स्टन विमानतळाचं नाव होतं. मे २०१४ मध्ये विमानतळाच्या मालकानं तो विमानतळच बंद केला, आणि तळ लिडला हलवावा लागला.

दुसरी अडचण यंत्राची होती. एडब्ल्यू-१८९ हे तेव्हा अगदी नवं मॉडेल होतं, आणि ब्रिटनच्या हवामानात ढगातून उडायचं तर बर्फ ही खरी भीती असते. शून्याखालच्या ढगातले पाण्याचे थेंब फिरत्या पात्यांवर आदळतात आणि जागच्या जागी गोठतात. पात्याचा आकार बिघडतो, उचल कमी होते, आणि बर्फाचा तुकडा एका पात्यावरून सुटला की तोल जाऊन सगळं यंत्र हादरतं. यावरचा उपाय म्हणजे पात्यांमध्ये विजेवर तापणारे पट्टे बसवायचे आणि ठराविक क्रमानं तापवून बर्फ झटकायचा. ही पूर्ण यंत्रणा प्रमाणित व्हायला वेळ लागतो, कारण खऱ्याखुऱ्या बर्फाच्या ढगात उडवून ती सिद्ध करावी लागते आणि तसा ढग हवा तेव्हा मिळत नाही. एडब्ल्यू-१८९ वेळेत आली नाहीत. लिडला सुरुवातीला त्याऐवजी लहान एडब्ल्यू-१३९ उडाली, काही ठिकाणी एस-९२ नं भार उचलला. सेवा थांबली नाही, पण मोजून आखलेलं प्रशिक्षण आणि सुट्या भागांचं नियोजन मात्र विस्कटलं. अजून प्रमाणित न झालेल्या यंत्रावर देशाच्या बचावसेवेची अर्धी संख्या अवलंबून ठेवणं हा पत्करलेला धोका होता, आणि सी किंगच्या घड्याळानं तो पत्करायला लावला.

लष्करातून नागरी हातात जाण्याचा कायदेशीर भाग मी थोडक्यात सांगतो. लष्करी उड्डाणांचे स्वतःचे नियम असतात. नागरी कंपनीला नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या नियमात राहावं लागतं, आणि रात्री दरीत एका जागी तरंगत विंच, म्हणजे माणसं उतरवायची-उचलायची दोरी, सोडणं हे नेहमीच्या नागरी नियमात बसत नाही. म्हणून बचाव उड्डाणांसाठी वेगळी राष्ट्रीय मान्यता देण्याची पद्धत आहे. माणसांचं म्हणाल तर चमू पूर्वीसारखाच चौघांचा: दोन पायलट, एक विंच चालवणारा, एक दोरीवर खाली जाणारा प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस. त्यातले कित्येक जण लष्करातूनच आलेले. लोकांना वाटणारी ‘आता पैशासाठी उडणार’ ही शंका या माणसांच्या कामानं लवकर फिटली. सकाळी आठ ते रात्री दहापर्यंत पंधरा मिनिटांत आणि रात्री पंचेचाळीस मिनिटांत उड्डाण, हा नियम कंत्राटातच होता.

वजन जास्त, पंखा लहान

आता मुख्य मुद्दा. सी किंगचा मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरचा फिरता पंखा, जवळजवळ १८.९ मीटर व्यासाचा, आणि पूर्ण भरलं की वजन सुमारे पावणेदहा टन. एस-९२ चा रोटर १७.२ मीटरच्या आसपास, म्हणजे लहान. पण पूर्ण वजन १२ टन. एडब्ल्यू-१८९ चं वजन ८.३ टन, पण रोटर अवघा १४.६ मीटर.

हेलिकॉप्टर हवेत तरंगतं ते हवा खाली ढकलून. जितकं वजन, तितकी हवा ढकलायला हवी. रोटर लहान असेल तर तीच हवा कमी जागेतून, म्हणजे जास्त वेगानं जाते. पूर्ण वजन धरून गणित केलं तर सी किंगच्या रोटरच्या दर चौरस मीटरवर सुमारे ३५ किलोचा भार येतो. एस-९२ वर सुमारे ५२ किलोचा, आणि एडब्ल्यू-१८९ वर ५० च्या आसपास. म्हणजे आकारानं सी किंगहून लहान दिसणारं एडब्ल्यू-१८९ सुद्धा खाली सी किंगपेक्षा जोराचा वारा सोडतं. एस-९२ खाली अंगावर येणारा वाऱ्याचा दाब सी किंगच्या जवळजवळ दीडपट होतो. कागदावर त्या वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो, आणि जमिनीवर आपटून तो आडवा पसरतो.

आपल्याकडे नेत्याचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरणार असलं की आधी टँकरनं पाणी मारतात, मंडपाच्या कनाती आवळतात, पोरांना दोरीमागे रेटतात. तो सगळा खटाटोप याच आडव्या वाऱ्यासाठी असतो.

नव्या यंत्रांचा हा गुण डोंगरातल्या स्वयंसेवी बचाव पथकांना लगेच कळणं साहजिक होतं. वेल्सच्या एरिरीत किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये कड्याच्या अरुंद पट्टीवर जखमी माणसाला धरून बसलेल्या लोकांवर तो वारा येतो. त्यांना नव्या चमूंबरोबर नव्यानं सराव करावा लागला: कुठे उभं राहायचं, काय बांधून ठेवायचं, स्ट्रेचर कधी सोडायचा. हे लोक हेलिकॉप्टरच्या पंखाखाली काम करतात, त्यामुळे त्यांना कुणी विसरलं नाही. विसरली गेली ती माणसं, ज्यांचा हेलिकॉप्टरशी काहीच संबंध नव्हता.

डेरिफर्ड, ४ मार्च २०२२

प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयाचं हेलिपॅड सार्वजनिक पार्किंगच्या एका भागात, कुंपण घातलेल्या जागेत आहे. त्या दिवशी न्यूकी तळावरचं एस-९२ कॉर्नवॉलच्या टिंटॅजेलजवळून एका रुग्णाला घेऊन तिथे उतरत होतं. शेजारच्या पार्किंगमध्ये माणसं नेहमीसारखी ये-जा करत होती. उतरताना आलेल्या वाऱ्यानं ८७ वर्षांच्या एक बाई जमिनीवर फेकल्या गेल्या आणि त्यांचा मृत्यू झाला. आणखी एका व्यक्तीला गंभीर दुखापत झाली. हेलिकॉप्टरला खरचटलंही नाही, आतला रुग्ण सुखरूप रुग्णालयात गेला.

ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलेला अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते असं. त्या हेलिकॉप्टरच्या कमांडरची समजूत होती की रुग्णालयाचे कर्मचारी पार्किंगही मोकळं करून घेतात. शेजारच्याच सीटवर बसलेल्या को-पायलटची समजूत होती की ते फक्त कुंपणाच्या आतली जागा सांभाळतात. खरी होती ती को-पायलटची समजूत. दोघंही वर्षानुवर्षं उडणारे, प्रशिक्षित लोक. एकाच कॉकपिटमध्ये, एकाच हेलिपॅडबद्दल दोन समजुती घेऊन उतरत होते. आणि कुंपणाबाहेर काय होतं याची जबाबदारी आपली आहे असं खाली कुणालाच वाटत नव्हतं. रुग्णालयाचे सगळे उपाय कुंपणाच्या आत कुणी येऊ नये यासाठी होते, वारा मात्र कुंपणाच्या पलीकडे जात होता.

त्याआधी तक्रारी आल्या नव्हत्या असंही नाही. वाऱ्यामुळे झालेल्या लहान घटना रुग्णालयानं नोंदवल्या होत्या, तपासल्याही होत्या, आणि प्रत्येकीवर काही ना काही उपाय केला होता. पण प्रत्येक घटना सुटी पाहिली गेली. त्या एकत्र मांडून ‘इथे पार्किंगच धोक्यात आहे’ असं कुणी म्हटलं नाही. ज्यानं कधी सरकारी कार्यालयात तक्रारींची फाइल हाताळली आहे त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल: प्रत्येक अर्जाला उत्तर जातं आणि अर्ज बंद होतो.

हेलिपॅड बांधताना जे मार्गदर्शन उपलब्ध होतं त्याप्रमाणे ते बांधलेलं होतं. पण त्या मार्गदर्शनात या वाऱ्याचा पुरेसा विचार नव्हता. नंतर नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानं ‘कॅप १२६४’ नावाचा दस्तावेज काढला, त्यात वाऱ्याबद्दल जास्त सविस्तर सूचना होत्या. तो जुन्या हेलिपॅडना लागू नव्हता, आणि तपास शाखेनं ज्यांच्याशी बोलणं केलं त्या रुग्णालयातल्या कुणालाही तो अस्तित्वात असल्याचंच माहीत नव्हतं.

कुंपणाबाहेरची जमीन कुणाची?

परिवहन खात्याचं कंत्राट ब्रिस्टोशी होतं. हेलिपॅड रुग्णालयाचं, म्हणजे आरोग्यसेवेचं. रुग्णालयाच्या हेलिपॅडला विमानतळासारखा परवाना लागत नाही, त्यामुळे प्राधिकरणाची नेहमीची तपासणी तिथे पोहोचत नाही. हेलिकॉप्टरला कामावर पाठवणारा कोस्टगार्ड. इतक्या यंत्रणा, आणि कुणाच्याच कागदांत त्या पार्किंगला जागा नव्हती. एका माणसाला दोषी धरता येईल असं हे प्रकरण नाही, आणि म्हणूनच ते जास्त अस्वस्थ करणारं आहे.

मी या बदलाच्या नियोजनाकडे बघतो तेव्हा एक जागा रिकामी दिसते. तळांची यादी होती, यंत्रांची होती, चमूंची होती. पण नवं यंत्र रोज जिथे उतरणार त्या जागांच्या यादीला तेवढंच महत्त्व मिळायला हवं होतं. रुग्णालयं, क्रीडांगणं, गडांच्या माथ्यावरची पठारं. सेवेत येण्याआधी प्रत्येक रुग्णालयात यंत्र पूर्ण वजनानं उतरवून पाहायचं, चहूबाजूंना वारा कुठवर पोहोचतो ते मोजायचं, आणि मग लिहून ठेवायचं: उतरताना इथला हा रस्ता कोण थांबवणार, हे पार्किंग कोण रिकामं करणार, ते झालंय हे पायलटला कोण सांगणार. तिघांची नावं आणि एक रेडिओ चॅनल. १.६ अब्ज पौंडांच्या कंत्राटात या कामाला लागणारा पैसा दिसलाही नसता.

नॉर्वेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथेही सी किंग होती, १९७३ पासून. डिसेंबर २०१३ मध्ये नॉर्वेनं सोळा एडब्ल्यू-१०१ मागवली, आणि २०२० मध्ये स्टाव्हँगरजवळच्या सोला तळावर ती ड्युटीवर आली. हे यंत्र एस-९२ पेक्षाही जड. काही रुग्णालयांच्या हेलिपॅडवर ते उतरवता येणार नाही, वारा आणि वजन दोन्ही झेपणार नाहीत, ही गोष्ट तिथे जाहीर वादाचा विषय झाली. रुग्णाला दूर उतरवून तिथून रुग्णवाहिकेनं न्यायचं, की हेलिपॅड नव्यानं बांधायचे? बचावात मिळवलेली मिनिटं रुग्णालयाच्या दारात जाणार असतील तर वेगवान यंत्राचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. वाद कटू होता, खर्चिक होता. पण प्रश्न निदान टेबलावर आला होता.

डेरिफर्डच्या घटनेनंतर चारच महिन्यांत, जुलै २०२२ मध्ये, ब्रिटननं पुढच्या पिढीचं बचाव कंत्राट जाहीर केलं. ते पुन्हा ब्रिस्टोलाच मिळालं. जाहीर झालं तेव्हा त्यात एस-९२ आणि एडब्ल्यू-१८९ च्या जोडीला लहान एडब्ल्यू-१३९ होती, शोधासाठी विमानं होती, आणि फोर्ट विल्यम व कार्लाइल इथे हंगामी तळ होते. मिश्र ताफ्याचा हा विचार मला योग्य वाटतो. डोंगरातून एका माणसाला उचलायला दरवेळी बारा टनांचं यंत्र लागत नाही. पण मिश्र ताफा म्हणजे रुग्णालयाच्या दारात कोणत्या दिवशी कोणतं यंत्र येईल ते आधी ठाऊक नसणं. त्यामुळे पार्किंग रिकामं करायची सीमा सगळ्यात जोराचा वारा सोडणाऱ्या यंत्राप्रमाणेच आखावी लागेल, आणि लहान हेलिकॉप्टर येतंय म्हणून ती त्या दिवसापुरती आत घेता येणार नाही.